मामा आपल्या झाडाचं फळ खात नाही

जऊळका टेसनामागचं मामाचं वावर
ता. १७ मार्च १९३५

बाई,

दीड महिन्यापासून तुले लिहितो लिहितो म्हणून राह्यलो अन् लिहिलं नाही. दौत होती, टाक होता, टेसनाजवळच्या डाकघरात कागदपाकीट बी मिळते. पण मायन्यापाशीच हात अडे. मागं सोलापुराहून लिहिलं तवा तुह्या नावामागं 'सौ.' लिहिलं होतं. आता तेथं दुसरं लिहा लागते, ते काही माह्या टाकातून उतरलं नाही. म्हणून नुसतं 'बाई' लिहिलं. राग आला तरी वाच.

तू काय म्हणलीस ते मले शब्दाले शब्द ध्यानात आहे. रिठदच्या घराच्या दारात उभी राहून म्हणलीस, "दोन वर्षांमागं तुहे भाऊजी गेले तवा तू कोठं होतास रे उकंड्या? तेराव्याले बी आला नाहीस. आता आलास त एक काम कर. पुंजाजीमामाच्या वावरात जाऊन राह्य. त्याच्या त्या परदेशी फळानं माह्या माणसाचा जीव घेतला का नाही, एवढं पाहून लिही. हो का नाही. मंग माह्या उंबऱ्याच्या आत ये." पाणी बी विचारलं नाहीस. तुहा दीर जानराव ओट्यावर कुऱ्हाडीले दांडा बसवत होता. तो मान वर न करता म्हणला, "हो आलं की समदी झाडं आडवी. अन् पुंजाजीले जातीत पाणी बंद." अन् आतून तुही सासू तुळसाबाई म्हणली, "इचारा कायले लागते? माह्या जगदेवाची वांती म्या पाह्यली ना. जांभळी होती."

म्हणजे माह्या एका शब्दावर मामाचं म्हातारपण टांगलेलं आहे, अन् तुह्या घराचं दार बी. असा शब्द लिहायचा म्हणलं की टाक कोरडा पडते. म्या आजपर्यंत सर्कशीचे तंबू ठोकले, रेल्वेच्या टोळीत गिट्टी फोडली, पंढरीनाथ म्हणून एक हत्तीवाला होता त्याच्यासंगं मिरजेपर्यंत पायी गेलो, पण कोणाचा न्याय कधी केला नाही. तो हत्तीवाला मोठा गमत्या माणूस होता. ते जाऊ दे.

मामा बरा आहे. वाळला आहे. त्याच्याकडे आता कोणी येत नाही. सालदार म्हणून तांड्यावरचा धनसिंग अन् त्याची बायको हिरीबाई, एवढीच माणसं. मी आलो त्या दिवशी मामा मोटेवर होता. मले पाहून मोट तशीच अधांतरी सोडली अन् म्हणला, "उकंड्या! कोणी धाडलं तुले?" कसा आहेस नाही, केव्हा आलास नाही. कोणी धाडलं. मी म्हणलं, कोणी नाही, फिरता फिरता आलो. तो हसला. त्याचं ते हसणं मले पटलं नाही.

तुले माहीतच आहे, मामा अकरा वर्षं एका साहेबाचा माळी होता, आधी नागपुरात, मंग त्याच्यासंगं बोटीनं रंगूनले अन् तेथून खाली मलायात. येताना डब्यात ओला काथ्या भरून त्यात बिया आणल्या. मंगुस्तान म्हणून एक फळ आणलं होतं, ते आपल्या उन्हाळ्यात पहिल्याच वर्षी करपलं. त्याचं नाव काढलं की मामा आजही लेकरू गेल्यासारखा गप होते. बाकीचे जगले. एकाचं नाव त्यानं चांदणी ठेवलं. पाच धारांचं पिवळं फळ. आडवं कापलं की ताटात चांदण्या पडतात. ते जावा-मलायाकडचं. उन्हाळ्यात गूळ घालून सरबत केलं की अंगातली गरमी उतरते म्हणते. उरल्या चोथ्यानं हिरीबाई पितळी तांब्या घासते, तो सोन्यासारखा निघते. दुसरं बलकफळ. उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक असते ना, तसा गर. ते मेक्सिकोचं, म्हणजे अमेरिकेच्या खालून. दोन खाल्ली की दुपारची भाकर लागत नाही. मांडवावर कृष्णकमळाच्या जातीचा एक येल आहे. त्याचं फळ लिंबाएवढं, जांभळं. ते सुकून सुरकुतलं की मंग गोड लागते, अन् पानाचा काढा झोप न येणाऱ्याले देतात. हे मामानं सांगितलं तवा माह्या मनात आलं, झोप येते ती किती येते?

मी विचारलं, "मामा, आपल्या गावातले बोरं, टेंभरं, चारं काय वाईट होते? ह्या देशोदेशीच्या फळांची कटकट कायले?"

मामा म्हणला, "मिरची कोठची रे? पेरू कोठचा? अन् हे सीताफळ, ज्याच्यासाठी तुमी टेकड्या हिंडता? समदे तिकडूनच बोटीनं आले. पहिल्यांदा आले तवा लोकायनं असंच तोंड वाकडं केलं असंल. आता सीताफळाले कोणी इचारते का, तू कोण्या गावचं म्हणून?"

बोलते गोड. पण बाई, त्याचं बोलणं विहिरीच्या वरच्या अंगाले असलेल्या एका झाडापाशी येऊन थांबते. त्याले तो दूधजांभूळ म्हणते. पानं वरून हिरवी अन् खालून तांब्याच्या भांड्यासारखी. फळ पेरवाएवढं, काळपट जांभळं. खाली पडून फुटलेलं म्या पाह्यलं. आतला गर पांढरा, मधात चांदणीचा आकार, अन् सालीतून रुईच्या चिकासारखं चिकट दूध. त्या झाडाभोवती मामानं बोराटीच्या काट्यायचं कुपाटं केलं आहे. फळं खाली पडून सडतात, पण तो कोणाले हात लावू देत नाही. पाखरं खातात. पण पाखरं लिंबोळ्या बी खातात.

भाऊजीनं खाल्लं ते हेच असंल.

अन् खरी गोष्ट आता लिहितो. मामा यातलं एकही फळ स्वतः खात नाही. चांदणी कापते, मले देते, धनसिंगले देते, रस्त्यानं जाणाऱ्याले आवाज देऊन बोलावते. लोक रामराम करून लवकर पाय उचलतात. स्वतः मात्र चाकू धुते, बोटं धुते, नखं मातीनं घासते. अकरा वर्षं ज्यानं हेच काम केलं अन् तेरा वर्षं पाणी देऊन झाडं वाढवली, तो माणूस फोडसुद्धा चाखत नाही. काहून?

मी अजून काही खाल्लं नाही. तू काळजी करू नको. हो का नाही ते थोड्या दिवसानं लिहितो.

तुहा
उकंडा


ता. २६ मार्च

बाई,

तुह्या कार्डावर एकच ओळ होती, "किती दिवस?" तू दुसरीतून शाळा सोडली तरी तुहं अक्षर माह्यापेक्षा ठसठशीत आहे, म्हणून ती ओळ जास्तच लागली.

मागच्या पत्रात एक गोष्ट खोटी लिहिली. मी फळं खाल्ली होती. पहिल्याच दिवशी. चांदणी, बलकफळ, त्या येलाचं बी. मामानं पुढं केलं अन् माह्यानं नाही म्हणवलं नाही. तुले माहीत आहे माह्या तोंडाची गोष्ट. मंग रात्रभर, म्हणजे तीन-चार रात्री, जीभ बाहेर काढून आरशात पाहत होतो. काही झालं नाही. उलट पोट साफ झालं. म्हणून मले वाटते यात असंल त त्या चौथ्या झाडातच आहे.

आता ऐक. परवा मामा बाजाराले गेला तवा म्या त्याची पेटी उघडली. लाज वाटते लिहायले, पण तूच पाहून ये म्हणलीस. त्यात एक वही होती. मामानं प्रत्येक झाडाचं लिहून ठेवलं आहे. कोण्या मुलखातलं, कितव्या वर्षी फुललं, कोण्या दुखण्यावर चालते. एका जागी लिहिलं आहे, "चांदणी. लघवीचा आजार असलेल्यास देऊ नये, साहेबाचा खानसामा त्यानं बेशुद्ध झाला होता." पाह्य! म्हणजे त्याले ठाऊक आहे, कोणतं फळ कोणाले बाधते. दूधजांभळाचं पान उघडलं. वर लिहिलं होतं, "वेस्ट इंडीज बेटांवरचं. गर थंड, घसा दुखला त उतार. साल खाऊ नये, चीक कडू." खाली रेघ मारून दुसऱ्या शाईनं लिहिलं होतं, "जगदेवले दिलं. नको होतं द्यायले."

मी ते दहा वेळा वाचलं. नको होतं द्यायले.

वही होती तशी ठेवली. पण हिरीबाईनं मले पाह्यलं असंल. ती ओसरीत शेणाचा सडा टाकून राह्यली होती. संध्याकाळी ती अन् धनसिंग त्यायच्या बोलीत कुजबुजले अन् मी गेलो की थांबले. मी धनसिंगले सरळ विचारलं, "माह्ये भाऊजी येथून गेले, तवा तू होता का?"

"होतो ना. म्याच बैलं जुंपून दमणीत नेलं त्यायले."

"मंग?"

"मंग काय? नेलं. नाल्यापर्यंत नेलं. पुढं त्यायच्या गावची गाडी भेटली, तिच्यात बसले."

"तब्बेत कशी होती?"

धनसिंगनं बिडी कानावरून काढली, पाह्यली, परत कानावर ठेवली. "मालकाले इचारा," म्हणला, अन् बैलाले पाणी पाजायले गेला. बैलानं नुकतंच पाणी पेलं होतं.

बाई, तिघायच्या तोंडाले एकच कुलूप आहे. आणखी एक. त्या झाडाच्या बुंध्यावर हळदीचे डाग आहेत. जुने, पण हळदीचेच. अन् बुडाशी एक मोगरा लावला आहे, त्याले मामा रोज सकाळी तांब्याभर पाणी घालते अन् हात जोडते. मी विचारलं, हे काय? तो म्हणला, "राहू दे." एवढा बोलका माणूस, अन् त्या कुपाट्यापाशी गेला की दोन शब्दांचा होते. असं माणूस कायच्यापाशी हात जोडते? देवापाशी, नाहीतर आपल्या हातून झालेल्या पापापाशी.

पण नक्की लिहायले अजून पुरावा पाहिजे. पाडव्यापर्यंत थांब. मले एक युक्ती सुचली आहे.

उकंडा


ता. ४ एप्रिल, पाडवा, दुपार

बाई,

हो.

तू विचारलं होतं हो का नाही. हो.

सविस्तर लिहितो म्हणजे तुह्या मनात संशय उरणार नाही. आज सणाचं म्हणून मी म्हणलं, मामा, खीर मी करतो. हिरीबाईनं वळलेल्या शेवया होत्या. पहाटेच कुपाट्यातून हात घालून दूधजांभळाची दोन फळं काढली होती. बोराटीचे काटे मनगटभर लागले. फळं चोळून, साल काढून, गर खिरीत कालवला. वरून वेलदोडा टाकला. दिसायले काहीच कळत नव्हतं.

माह्यं म्हणणं असं होतं की मामा निर्दोष असला त खीर खाईल, हात धुईल, पान खाईल. अन् त्याले ठाऊक असंल की यात जीव घेणारं काही आहे, त चव लागल्याबरोबर त्याच्या चेहऱ्यावर येईल.

त्यानं पहिला घोट घेतला. दुसरा घेतला. मंग वाटी खाली ठेवली. माह्याकडे पाह्यलं. असं पाह्यलं बाई, की मी नजर खाली केली.

"यात काय टाकलं उकंड्या?"

"शेवया, गूळ, दूध."

"दुसरं?"

म्या खिरीचं पातेलं झाकलं. मामा पाटावरून उठला. वय सत्तर, पण पळाला. विहिरीमागं गेला अन् नरड्यात बोटं घालून ओकला. एकदा नाही, तीनदा. मंग कपड्यासकट अंगावर दोन बादल्या पाणी ओतून घेतलं अन् त्या दूधजांभळाच्या कुपाट्याबाहेर जमिनीवर बसला. अजून तेथंच आहे. गुढीचं ताट तसंच पडलं. कोणी जेवलं नाही.

आता तूच सांग. नुसतं जिभेले लागलं तर ज्याच्या पोटात एवढी भीती उठते, त्याले ठाऊक नाही असं कसं म्हणावं? भाऊजीले देताना बी ठाऊकच असंल. काहून दिलं ते मले माहीत नाही. ते पंचायतीत विचारा.

पत्र संध्याकाळच्या डाकेत टाकून राह्यलो. जानरावले काय सांगायचं ते तू सांग.

उकंडा


ता. ८ एप्रिल, सकाळ

बाई,

मागचं पत्र फाडून टाक. जाळ. कोणाले दाखवलं असंल त म्हण, उकंड्या पहिल्यापासून खोटारडा आहे. म्हण की तो दारू पिऊन लिहितो. मी पीत नाही, पण म्हण.

ते पत्र पेटीत टाकलं अन् दुसऱ्याच दिवशी डाकघरात जाऊन मास्तरच्या पाया पडलो. तो म्हणला, "पेटीत पडलं ते सरकारचं. अन् गाडी कालच गेली." आता हे पत्र डाकेनं पाठवत नाही. धनसिंग स्वतः घेऊन येईल, बैल जुंपायचेच बाकी आहेत. म्हणून भरभर लिहितो. चुकलं त समजून घे.

पाडव्याच्या संध्याकाळी मी मामापाशी गेलो अन् ओरडलो. जे मनात होतं ते सारं. इख देणारा, खुनी, सारं. मामा ऐकत राह्यला. मंग म्हणला,

"तू खाल्लं का रे ते?"

"मी कायले खाईन?"

"म्हणजे तुले वाटलं त्यात इख आहे, अन् ते मले खाऊ घातलं?"

बाई, येथं मी असं लिहिणार होतो की इख असतं तर मामा मरेल हे मले तवा सुचलंच नाही. पण तसं नाही. खीर ढवळताना सुचलं होतं. तरी ढवळली.

मामा रागावला नाही. म्हणला, "इख असतं त गुमान खाल्लं असतं रे म्या. मले आता कोणासाठी जगायचं आहे? पण झाड माह्या हातचं आहे. कुवारं आहे. तुह्या आज्यानं आमराई लावली, तवा आंब्याचं लगीन लागेपर्यंत सात वर्षं कैरी बी चाखली नाही. चुकूनमाकून सुद्धा नाही. दुसऱ्यायनं खाल्लं त चालते. लावणाऱ्यानं नाही. पोरीचं लगीन न करता तिच्या कमाईवर बसून खाल्ल्यासारखं होते ते."

बाई, आंब्याचं लगीन तू पाह्यलं आहेस. मी बी पाह्यलं आहे, तुह्या कडेवर बसून, त्या दिवशीचे बुंदीचे लाडू मले आठवतात. हे साऱ्या गावाले ठाऊक आहे. पण आंब्याचं लागते तसं ह्या परमुलखातल्या झाडाचं बी लागते, हे आपल्या कोणाच्या डोक्यात आलं नाही. आमी त्याले झाड समजलोच नाही. नुसतं परदेशी समजलो. मामा काहून खात नाही, हे दोन वर्षं सारे एकमेकाले विचारत राह्यले, त्याले कोणी विचारलं नाही.

त्यानं लगीन लावायचा घाट घातला होता. वावरातल्या समद्या झाडांच्या वतीनं त्या थोरल्या दूधजांभळाचं, मोगऱ्याशी. म्हणून ती हळद. जोशीबुवाकडे गेला, त ते म्हणाले, "पुंजाजी, ह्या वृक्षाचं नाव कोणत्या पोथीत नाही. गोत्र काय सांगू संकल्पात?" मामा म्हणला, "बुवा, माह्यंच सांगा. म्याच बाप आहे त्याचा." बुवा कसेबसे तयार झाले. पण बापाच्या जागी पाटावर जोडपं बसा लागते, अन् मामी त केव्हाची गेली. मामाले जवळचं जोडपं एकच. तू अन् भाऊजी.

भाऊजी त्या वर्षी सरकीच्या कामानं जऊळक्याले आले होते. मामानं त्यायले वावरात बोलावून विचारलं. ते म्हणाले, "मामा, त्यात काय, अखजीच्या सणाले घेऊन येतो तिले. जरीचं लुगडं नेसून बसंल." हे मामानं जसंच्या तसं सांगितलं. ते तुले सांगायलेच ते घरी येऊन राह्यले होते बाई. आल्यावर बोलायले सवड मिळाली नाही.

निघताना हसून म्हणाले, "मामा, व्याही होण्याआधी नवरदेव चाखून पाहू द्या." मामा म्हणला, आता नको, लगीन लागू दे, तू यजमान आहेस. ते म्हणाले, एकच. मामानं दोन दिली. फडक्यात बांधून. त्यायनं ती रस्त्यानं खाल्ली. वहीत लिहिलेलं "नको होतं द्यायले" ते हे. मामा म्हणला, "इखाचा संशय तुमाले आहे. मले दुसराच आहे. लगनाचा यजमान ठरलेल्या माणसाले म्या माह्या हातानं कुवाऱ्या झाडाचं फळ दिलं. त्याचं खापर माह्यावर फुटलं का त्याच्यावर, हे दोन वर्षं मी ह्या झाडाले इचारून राह्यलो."

मंग धनसिंग बोलला. तो इतका वेळ कुपाट्याच्या पलीकडं बिडी ओढत उभा होता. म्हणला, "मालक, फळाचं नाही ते. पाण्याचं आहे. वाशीमच्या अलीकडच्या नाल्यावर दमणी सोडली. जावईबुवा वंजळीनं पाणी पेले. वरच्या अंगाले सडकीच्या कामावरल्या लोकायचे पाल होते, तेथं पटकी लागली होती. दोन मुडदे म्या पाह्यले. म्या म्हणलं, नका पिऊ, माह्या तुंब्यातलं घ्या. ते म्हणले, तुह्या तुंब्यातलं कसं पिऊ रे धनसिंग, समोर आमच्या गावची गाडी उभी आहे, कोणी पाह्यलं तर घरी सांगंल. अन् हसले."

मामा त्याच्याकडे वळला. "दोन वर्षं तू हे मले सांगितलं नाहीस?"

"मालक, तुमी लगनाचं पाप म्हणता, रिठदवाले इख म्हणतात. तांड्यावरच्या माणसाची साक्ष कोण धरते? अन् तुंब्याची गोष्ट सांगितली असती त म्हणले असते, यानंच बाटवायचा घाट घातला होता. बायको म्हणली, गप राह्य."

हिरीबाई मागं उभी होती. ती म्हणली, "हो. म्याच म्हणलं."

त्या रात्री, नाही, संध्याकाळीच, उजेड होता, मी कुपाटं बाजूला करून एक दूधजांभूळ तोडलं अन् खाल्लं. मामा नको म्हणला नाही. मी लावणारा नाही. गर थंड असते बाई, दूध अन् जांभूळ एकत्र गोठवल्यासारखा. कडेचा गर जांभळाच असते, ओठाले चिकटते. ओकलं त जांभळंच ओकलं जाईल. तुळसाबाईनं पाह्यलं ते खरंच पाह्यलं. फक्त ते पटकीनं बाहेर काढलं.

आज चौथा दिवस आहे. फळ बाधते का हे पाह्यल्याशिवाय 'नाही' लिहायचं नव्हतं, म्हणून इतका थांबलो. मी जिवंत आहे, हे अक्षर त्याची साक्ष. मामानं मात्र पाडव्यापासून अन्न घेतलं नाही. म्हणते, चव जिभेवर आहे तोवर नाही. म्या त्याचं व्रत मोडलं. तेरा वर्षांचं, दोन घोटांत.

तर बाई, नाही. 'हो'च्या जागी 'नाही' वाच. जानरावले थांबव. कुऱ्हाडी घेऊन निघाला असंल त आडवी पड. तुह्या उंबऱ्यात मले नाही घेतलंस तरी चालंल, मी परत सोलापूरले जाईन, पण झाडं

थांब. सडकीवर दमणी दिसून राह्यली. रिठदकडूनच. जानरावच असंल. धनसिंग आडवा जाऊन उभा राह्यला आहे. मी सकाळपासून राखणीले झाडावर चढलो आहे, हे येथूनच शिसपेन्सिलीनं लिहितो, सडक दिसते.

जानराव नाही. एकच माणूस उतरलं. बाईमाणूस. पांढरं लुगडं.

बाई, तुही सासू आली आहे. तुळसाबाई. एकटी. गाडीवान धनसिंगले सांगून राह्यला की ती तुमाले केनवडले लेकीकडे जातो म्हणून सांगून निघाली. तू माह्यं पत्र तिले वाचून दाखवलंस म्हणे. जानराव उद्या माणसं घेऊन निघणार, म्हणून ती आजच आली.

मी खाली उतरलो, पाठीमागं उभा राहून लिहितो. मामा उठून उभा राह्यला. म्हणला, "या इहीणबाई." तिनं रामराम घेतला नाही. इकडं तिकडं पाह्यलं, चांदणीकडं पाह्यलं, येलाकडं पाह्यलं, अन् सरळ दूधजांभळाखाली जाऊन मातीत बसली. बोराटीचा काटा पदराले लागला तो तिनं सोडवला बी नाही.

"इवाई," म्हणली, "माह्या पोरानं खाल्लं ते फळ हेच का?"

"हेच."

"एक दे. उद्या झाडं आडवी व्हायच्या आधी मले चाखून पाहू दे."

मामा म्हणला, "इहीणबाई, झाड अजून कुवारं आहे."

"त्यानं खाल्लं तवा बी कुवारंच होतं. दे."

मामा माह्याकडं पाहून राह्यला. धनसिंग बी. फळ कापायचा चाकू घरात आहे, तो आणायले मी चाललो.